माझ्या गाडग्यातले चिंचोके

कार्तिक वद्य ४, सोमवार

मुलींना विचारणार! आम्ही कशा शिकवतो ते मुलींनाच विचारणार!

मधल्या सुटीत मोठ्या बाईंनी हुकूम वाचून दाखवला. तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे नवे साहेब या आठवड्यात पाटोद्याला मुक्काम करणार. शाळा नेहमीसारखी तपासणार. पण जाण्याआधी एकेका मुलीला पडद्याआड पाठवून आम्हा दोघींबद्दल कौल घेणार. बाई चांगली शिकवत असेल तर तिच्या गाडग्यात कवडी टाकायची. वाईट शिकवत असेल तर चिंचोका. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसणार नाही.

हुकमाची घडी घालत मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आता गाडगी सांगणार आपली लायकी!"

शाळेत आम्ही दोघीच. त्या, म्हणजे सरस्वतीबाई, मुख्य. कविता, शिवण आणि उर्दू त्यांच्याकडे. वाचन आणि हिशेब माझ्याकडे. त्या कायम आहेत. मी दोन वर्षं झाली तरी कच्ची. माझं कायम होणं साहेबांच्या शेऱ्यावर होतं, ते आता गाडग्यावर आलं.

भिवरामावशीला सांगितलं. ती माझ्या सोबतीला राहते म्हणून तर बाने मला गावात राहू दिलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "कौल देवाला लावत्यात. पोरींला कोन लावतं?" मग हसून म्हणाली, "लावू दे. पोरी न्हाई म्हनल्या तर तलवाड्याचा त्रिंबक बसलाच हाय वाट बघत."

मला हसू आलं नाही. त्रिंबकाची बायको मागल्या साली गेली. दोन लेकरं आहेत, ढीगभर मेंढरं आहेत. बाने त्याला शब्द दिला आहे — नोकरी पक्की झाली नाही तर पोरगी तुझी.

आमच्या सात पिढ्यांत पाटीला हात लावणारी मी पहिली. नगरच्या बोर्डिंगात राहून सातवी झाले. ते सगळं आता एका गाडग्यात!

तरी साहेबांचं चूक म्हणता येत नाही. साहेबाला शाळा एक दिवस दिसते, मुलींना रोज दिसते. पण एक आठवलं. नगरला ज्या बाईंनी मला भागाकार शिकवला, त्यांच्या नावाने मी रोज बोटं मोडत असे. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी चिंचोकाच टाकला असता. तोही जोरात.

कार्तिक वद्य ५, मंगळवार

केशरने शेजारणीच्या पाटीवरून हिशेब उतरवला. धरली. तासभर उभी केली. उभी असताना ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत नव्हते. आठवडा वाईट निवडला मी! पण साहेब येणार म्हणून चोरी सोडून द्यायची?

बाजारातून मुलींसाठी पेरू आणले. घरी आल्यावर वाटलं, ही तर लाच झाली. वाटले नाहीत. मावशीला दिले. मावशीला दात नाहीत.

कार्तिक वद्य ७, गुरुवार

साहेबांचे तंबू ओढ्यापलीकडच्या माळावर पडले. अर्धी शाळा रिकामी.

दुपारी दगडा आली. लुगड्याला कुसळं, पायांना चिखल. सगळ्यांत मोठी मुलगी ती, बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघतात.

"कुठं होतीस दोन दिवस?"

"बैल लपवायला गेलते, बाई. दऱ्यात."

तंबू पडले की गावात हेच चालतं. साहेबाच्या सामानाला गाड्या लागतात. चपराशी गोठे बघत फिरतो आणि चांगला बैल धरून नेतो. नेलेला बैल कधी लंगडत परत येतो, कधी येतच नाही. म्हणून ज्याच्याकडे धडधाकट जनावर असेल तो ते दऱ्यात नेऊन ठेवतो. आणि वेळ मिळाला नाही तर —

"तर म्हनायचं, मारका हाय. बसका हाय. लई वाईट बैल हाय, सायेब! मंग सोडतेत." दगडा हे इतकं हौसेने सांगत होती की सगळा वर्ग हसला.

मी हसले नाही. म्हटलं, खोटं ते खोटंच, बैलासाठी बोललं तरी. परवा साहेब विचारतील तेव्हाही असंच खोटं बोलणार का? तिला पाटी भरून 'नेहमी खरे बोलावे' लिहायला लावलं. तिने लिहिलं. दात ओठ खाऊन लिहिलं. पाटी दाखवताना म्हणाली, "खरं बोललं तर बैल तुमी आनून देनार का?"

उद्या जुम्म्याची सुटी. परवा कौल. आणि आज मी दगडाला दुखवलं! केशरला मंगळवारी, दगडाला आज. एकीच्या बापाचं दुकान, दुसरीच्या मागे सगळा वर्ग.

कार्तिक वद्य ९, शनिवार

सरळ जे झालं ते लिहिते.

मुलींची शाळा, म्हणून साहेब चिकाच्या पडद्यापलीकडे खुर्चीवर बसले. नुसता आवाज. आवाज चांगला होता. "डरो मत बेटी. जो दिल में है वही डालो." शहादेव चपराशी आमच्या बोलीत सांगत होता, "सायेब म्हनतेत भिऊ नका. चांगलीला कवडी, वाईटीला चिंचोका." कोपऱ्यात सतरंजी आडवी बांधली होती. तिच्या आड दोन गाडगी, दोघींची. एकेक मुलगी आत जायची. खळ्ळ, खळ्ळ. बाहेर यायची.

दगडा आत जाताना मागे वळून सगळ्यांकडे बघून गेली. ते मी पाहिलं.

मग शहादेवाने गाडगी आमच्यासमोर उपडी केली. मोठ्या बाईंच्या गाडग्यातून नुसत्या कवड्या. पांढरा ढीग. एकही चिंचोका नाही!

माझ्यातून चिंचोके. मुली बावीस. चिंचोके एकवीस.

कवडी एक.

पडद्यापलीकडून साहेब हळू म्हणाले, "अफसोस." शहादेवाने ते आमच्या बोलीत सांगितलं नाही.

मी मुलींकडे पाहिलं. कुणाचीच मान खाली नव्हती. उलट सगळ्या टकमक माझ्याकडे बघत होत्या. आपण काही मोठं काम केलं आणि आता बाई शाबास म्हणणार, तशा! इतका निर्लज्जपणा यांना कुणी शिकवला?

कार्तिक वद्य १०, रविवार

कुणी शिकवला ते शोधलं पाहिजे.

एखादी रागावली, दोघी रागावल्या, समजू शकते. पण एकवीस? आणि मोठ्या बाईंना एकसुद्धा नाही? त्या तर मुलींना छडी मारतात. मी आजवर छडीला हात लावला नाही. त्यांच्याकडे कवितेत अडखळली की हातावर, टाका वाकडा आला की हातावर. आणि त्यांना सगळ्या कवड्या! हे आपोआप होत नाही. कुणीतरी आधी बसून ठरवलेलं आहे.

शुक्रवारी सुटी होती. मोठ्या बाईंच्या घरी त्या दिवशी तीन-चार मुली शेवया वळायला गेल्या होत्या, असं मावशीच्या कानावर आलं आहे. शेवया? कार्तिकात?

कार्तिक वद्य ११, सोमवार

वर्गात सहज बोलल्यासारखं म्हटलं, "कवडी कुणी टाकली ग?" सुटल्यावर केशर मागे राहिली. "बाई, कवडी माझी व्हती."

तिला उभं केलं होतं मी! तरीही! डोळ्यांत पाणी आलं. तिला पुढच्या ओळीत बसवलं आणि माझी नवी पाटी वापरायला दिली. ती मान खाली घालून घेऊन गेली. संकोच वाटला असेल.

कार्तिक वद्य १३, बुधवार

दोन दिवस वर्गात शिकवणं कमी आणि बघणंच जास्त. कोण कुणाशी कुजबुजते. मी वळले की कोण गप्प होते. मधल्या सुटीत अंगणात चिंचोके फोडून खाणाऱ्या मुली पाहिल्या तरी अंगावर काटा येतो. आज एकीच्या ओटीत चिंचोके सापडले. विचारलं, कुठले? "झाडाखालचे, बाई." झाड तर शाळेचंच आहे! चिंचोके साऱ्या गावाच्या ओटीत असतात! कळतं मला. तरी हिसकावून घेतले.

दगडाला शाळा सुटल्यावर थांबवलं. सतराचा पाढा. चुकली. पुन्हा. पुन्हा चुकली. शेवटी तिने विचारलं, "बाई, तुमी आमच्यावर कावून चिडल्या?"

कावून! तोंड वर करून विचारते!

मी म्हटलं, "तुला माहीत आहे."

ती खरोखर गोंधळल्यासारखी बघत राहिली. बघण्यातही पटाईत. लपवण्याचं शिक्षण घरातलंच आहे.

मावशी म्हणते करणी आहे, लिंबू उतरून टाकू. मी म्हटलं लिंबाने कवड्या होत नाहीत. "चिंचोक्याचं सरबत बी व्हत न्हाई," ती म्हणाली, आणि लिंबाचं सरबत करून दिलं.

कार्तिक अमावास्या, शुक्रवार

सुटी. बाजारात गेले. मोठ्या बाई भेटल्या. दोघी भाजीवालीसमोर उभ्या, दोघी एकमेकींशी गोड बोलत होतो. कौलाबद्दल एक शब्द नाही. एवढ्यात पलीकडून शीळ आली.

ती शीळ मी झोपेतही ओळखीन. बा दोन बोटं तोंडात घालून घालतो ती. आधी लांब, मग तुटक. भरल्या ओढ्यापलीकडची मेंढरं त्या शिळेवर मागे वळतात. लहानपणी मीही वळत असे. मलाही येत होती. बा म्हणायचा, "माझ्यापरीस लांब जाती हिची." बोर्डिंगात पहिल्याच दिवशी घातली आणि साऱ्या मुली हसल्या. त्यानंतर कधी घातली नाही.

मोठ्या बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "काय बाई ही माणसं! बाजार आहे का माळरान?"

मी वळले नाही. वांगी निवडत राहिले.

बा घरी येऊन गेला. तूप ठेवलं, मावशीजवळ मुलींच्या कौलाची चौकशी केली आणि म्हणाला, "त्रिंबक मानूस वाईट न्हाई." एवढंच.

मार्गशीर्ष शुद्ध ३, सोमवार

हुकूम आला. शहादेव तट्टावरून घेऊन आला.

सरस्वतीबाई: मुलींचा उत्तम कौल पाहता बीडच्या मोठ्या शाळेवर बढती. तात्काळ हजर व्हावे.

मी: मुलींच्या नापसंतीबद्दल लेखी जबाब द्यावा. शहादेव डाक गोळा करून परत जाईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवावा. जबाब समाधानकारक नसल्यास दुसरी शिक्षिका नेमली जाईल.

हुकूम वर्गात वाचला गेला तेव्हा मोठ्या बाईंची बढती ऐकून मुलींनी काय केलं? एकमेकींना कोपराने ढोसलं! हसू दाबत! म्हणजे माझा तर्क खरा. हे सगळं आधीच ठरलं होतं. त्यांना बढती हवी होती, त्यांनी मुलींच्या हातून मिळवली. आणि मुलींना तो खेळ वाटला.

मार्गशीर्ष शुद्ध ५, बुधवार

मोठ्या बाई गेल्या. गाडीत सामान चढवून झाल्यावर मला बाजूला नेलं.

"साखराबाई, जाता जाता एक विचारते. खरं सांग. मुलींना तू पढवलंस ना?"

मी बघतच राहिले. "मी? मला चिंचोके पडले!"

"तेच तर. स्वतःला चिंचोके पाडून घेतलेस की संशय नको. मला इथून घालवायचं होतं तुला. अगं, या मुली माझ्याकडे बघून कधी हसल्या नाहीत. माझी पावलं वाजली की वर्ग गार पडतो, मला काय माहीत नाही? त्या मला कवड्या टाकतील? माझं घर इथं, म्हातारी सासू इथं. मला बीड कुठं हवं होतं?"

डोळे पुसून गाडीत चढल्या. मी देवाची शपथ घेतली, पण गाडी निघाली होती.

त्या खोटं बोलत असतील तर फार छान बोलल्या. आणि खरं बोलत असतील तर — मग मुलींना कुणीच पढवलेलं नाही. मग ते चिंचोके मुलींचे स्वतःचे आहेत. मनातले.

संशय होता तोवर बरं होतं. निदान दोष दुसऱ्याचा होता.

मार्गशीर्ष शुद्ध ६, गुरुवार

चंपाषष्ठी. मावशीने भरीत आणि रोडगे केले, मल्हारीपुढे भंडार उधळला. माझ्या कपाळाला लावत म्हणाली, "तोंड कसं झालंय बघ! देव म्हनंल, ही कोन मेलं म्हून आलीया?"

जबाब लिहायला चार वेळा बसले. काय लिहू? मुली चुकल्या असं लिहिलं तर मग त्यांना विचारलंच कशाला? रोज समोर बसणाऱ्या त्या. मला वाटतं मी चांगलं शिकवते. पण ते मला वाटतं. बाला वाटतं तो गोड गातो.

आणि गेले काही दिवस मी कशी वागले? पाळत ठेवली. ओटी तपासली. दगडाला छळलं. आधी नव्हते तरी आता मी चिंचोक्याच्याच लायकीची आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ८, शनिवार

जबाब लिहिला नाही. राजीनामा लिहिला. दोन ओळी. मुलींचा कौल मला मान्य आहे, नोकरीतून मोकळं करावं. शहादेवाच्या हातात दिला. तो उद्या सकाळी निघणार. त्याने कागद डोक्याच्या पटक्यात खोवला आणि विचारलं, "घाई तर न्हाई ना केली, बाई?"

घरी येऊन मावशीला म्हटलं, त्रिंबकाला निरोप धाड. आज तिने थट्टा केली नाही. चूल फुंकत बसली, चूल पेटलेली असताना.

मार्गशीर्ष शुद्ध ९, रविवार

सकाळी मुलींना सांगितलं. मी जाते. तुम्हाला वाईट बाई नको होती, ते तुम्ही खरं सांगितलंत.

दगडा उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"वाईट म्हनलं तरी नेतेत, बाई?"

"म्हणजे?"

"वाईट बैल तर सोडून देतेत की! आमी समद्यांनी ठरवून तुमाला वाईट म्हनलं. मोठ्या बाईला चांगलं म्हनलं. त्यांला नेलं का न्हाई सायबानं? तुमाला आमी लपवलं व्हतं, बाई!" आणि हुंदका देत, "त्या केसरनं तेवढी कवडी टाकली, तुमाला न्यावं म्हून!"

केशर माझ्या नव्या पाटीआड तोंड लपवून रडत होती.

मी दारात धावले. शहादेवाचं तट्टू ओढा ओलांडून पलीकडच्या चढाला लागलं होतं. हाक पोचली नसती. बाजार भरत होता, सगळं गाव रस्त्यावर, मागे बावीस मुली.

दोन बोटं तोंडात घातली.

तट्टू वळलं.